पातेल्यातला गूळ

कुणाचं भांडं परत करायचं असलं की अक्का त्यात काहीतरी घालूनच देत. मी आमटीची वाटी पाठवली की ती घासूनपुसून परत येई आणि तळाशी चमचाभर साखर असे. साखर नसली तर चार कढीलिंबाची पानं. अशी बाई तुमच्याही शेजारात असेल. पण या सवयीपायी दुकानदाराला घाम फोडणारी मी तरी एकच पाहिली.

बँकेतल्या बदलीनं मी सांगलीहून तंजावरला आलो आणि त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. सत्तरी उलटलेली, ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली एकटी बाई. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणे. घराणं कित्येक पिढ्यांमागे महाराष्ट्रातून इकडे आलेलं. देवनागरी वाचता येत नसे, तरी माझं बोलणं मात्र त्या सुधारत. 'तुमची मराठी फार नवी,' असं म्हणत.

भाचीच्या लग्नात द्यायला त्यांनी झाकणाची दोन पितळी पातेली घेतली. एक जास्त झालं. दुकानदार परत घ्यायला कबूल होता. बिलावर दोन्हींचं वजन एकत्र लिहिलेलं, म्हणून हे एक पुन्हा वजन करून पैसे द्यायचे ठरलं. अक्कांनी सवयीनं आत अर्धा किलो गूळ ठेवला, झाकण लावलं आणि रविवारी दुपारी रिक्षानं नेऊन दिलं. काउंटरवरच्या मुलीनं पातेलं झाकणासकट काट्यावर चढवलं. अक्का तिला गाव कुठलं, घरी कोण कोण, हे विचारण्यात गुंग. गूळ पितळेच्या भावानं विकला गेला!

घरी येऊन नोटा मोजल्या तेव्हा चारशे रुपये जास्त निघाले. अक्का चपला न काढताच माझ्या दारात आल्या. आत्ता जायचं म्हणाल्या. समोरचा शिंपी म्हणाला, आलेली लक्ष्मी परतवू नये, त्या दुकानदारानं आपल्याला कमी लुबाडलंय का?

अक्का कडाडल्या. "लक्ष्मी कसली? तें दुकानाचं नोहे. संध्याकाळी हिशेब करतील आणि त्या पोरीच्या पगारांतून कापतील."

त्यांचे गुडघे दुखत आणि रिक्षा तर निघून गेलेली, त्यामुळे सारी भिस्त माझ्या स्कूटरवर. आणि मी जेवून आडवा झालो होतो. म्हटलं, ऊन फार आहे, उद्या जाऊ, दुकान कुठं पळून जातंय?

दुसऱ्या दिवशी बँकेत रजा टाकून गेलो तर काउंटरवर ती मुलगी नव्हती. आदल्या रात्री पातेल्यात गूळ सापडला होता आणि मालकानं सगळ्यांसमोर तिला चोर ठरवून हाकललं होतं. आम्हाला पाहून तो तमिळमध्ये म्हणाला, "पाट्टी, आजीबाई, तुम्ही दोघींनी ठरवून केलंत. नाहीतर एवढ्या गप्पा कशाच्या चालल्या होत्या?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन मजली दुकान, बिलावर अक्कांचा फोन नंबर, आणि या गृहस्थाला एक फोन करण्याची बुद्धी झाली नाही. दिवसभर उभं राहून राबणाऱ्या पोरीला चोर म्हणायला मात्र जीभ सैल.

त्यानं पैशासाठी हात पुढे केला. अक्कांनी नोटा पदराच्या गाठीला बांधल्या. ज्या हातानं पैसे दिले त्याच हातात परत करीन, तिला बोलवा, असं बजावून त्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसल्या. मग येईल त्या गिऱ्हाइकाला गुळाची हकिकत सांगू लागल्या, स्वतःच्या चुकीसकट. मालकानं आधी कॉफी मागवली, मग पोलिसांची भीती घातली, शेवटी म्हणाला, ते चारशे तुम्हीच ठेवा. त्यावर त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू जाऊ लागला. चार वाजता त्यानं झक मारत फोन लावला.

तिच्या गावाहून, पापनाशमहून, बसनं मुलगी आली, बरोबर बाप. तिचे डोळे सुजलेले. अक्कांनी गाठ सोडून नोटा तिच्या हातात ठेवल्या. मालक पुटपुटला, चूक झाली.

"कुणाची?" अक्का म्हणाल्या.

तो काउंटरवरची बिलं चाळू लागला.

"मी विचारत्यें, कुणाची?"

"माझी," तो म्हणाला, आणि मुलीला म्हणाला, उद्यापासून ये. मुलीनं नोटा काउंटरवर ठेवल्या. येणार नाही म्हणाली. महिन्याचे भरले तेवढ्या दिवसांचे पैसे मागितले आणि घेतले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पायऱ्या उतरताना तिचा बाप अक्कांना हळूच म्हणाला, "रात्रभर मीसुद्धा तिला विचारत होतो, खरं सांग, घेतलेस का?"

मुलगी पुढे चालत राहिली. अक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्कूटरवर बसल्या.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. शेजारच्या दाराला कुलूप आहे. त्या दुकानावरून जाताना मालकाचा संताप मला अजून येतो, पण तो फार वेळ टिकत नाही. रविवारीच स्कूटर काढली असती तर त्या पोरीला ती रात्र आलीच नसती. त्या रात्रीबद्दल अक्का मला शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मालकाला बोलल्या तसं त्यांनी मलाही बोलायला हवं होतं.