पैलवानाला जोड मिळेना

माझ्या नवऱ्याची कुस्ती संपली की नाही, याचा निकाल आमच्या अंगणात रोज संध्याकाळी लागायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच निकाल नव्याने लावायला तीच माणसं परत यायची. सुपारी माझी, तंबाखू माझा, बसायची खाटही माझीच. विचारत मात्र मला कोणी नव्हतं.

ह्यांची चाळिशी उलटून गेली होती. तिरोड्यापासून सालेकशापर्यंत नाव होतं. आमच्याकडे दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते, दिवसा दुकानं आणि कुस्त्या, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ. आमच्या मंडईची शेवटची कुस्ती ह्यांची, हे पंधरा वर्षं ठरलेलं. पण मागल्या मंडईत कुस्ती मारून उठताना ह्यांनी एक हात जमिनीला टेकवला. लोकांना तेवढं पुरलं. वर्षभर दुसरा विषय नाही.

एका बाजूचा म्होरक्या गावचा शिंपी. ह्यांच्या बंड्या तोच शिवायचा, त्यामुळे पुरावे सगळे त्याच्याकडे. "मानेत एक बोट कमी झाले, वयनी. मापाची दोरी कोनाची भीड धरते का?" असं तो मलाच ऐकवायचा, माझ्याच सुपारीचं खांड तोंडात टाकून. त्याचं म्हणणं, पैलवानाने नाव शाबूत आहे तोवरच कुस्ती सोडून बसावं. दुसऱ्या बाजूला रेल्वेच्या छोट्या लाइनीवरचा सांधेवाला. ड्यूटी सुटली की निशाणं काखेत मारून तो स्टेशनावरून थेट आमच्या खाटेवर. "पैलवान गर्दनसे नहीं, दमसे लडता है. अजून तीन मंडया कोनी आंगाले हात लावत नाही, लिहून घे!" शिंपी म्हणे, मग दम दाखव. म्हणून एकदा दोघांनी ह्यांना तलावाच्या पाळीवरून पळवलं आणि श्वास मोजायला स्वतः मागे पळाले. हे फेरी मारून परत आले, तेव्हा शिंपी पाळीवर आडवा पडला होता आणि सांधेवाला त्याला निशाणाने वारा घालत होता. तरी वाद मिटला नाही.

हे कधी मधे बोलले नाहीत. दोर वळत बसायचे आणि हसायचे.

खरं सांगते, मी मनातून शिंप्याच्या बाजूची होते. सकाळी भिंत धरून उठणारा पैलवान अंगणातल्या पंचांनी पाहिला नव्हता. मोहाच्या बियांचं तेल त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला चोळायची ती मी. पाच वर्षं मी एकच मागत होते, आता पुरे म्हणा. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "एक अजून करतो, मंग पाहू." मग मी दोन दिवस तोंड फुगवून बसायची आणि तिसऱ्या दिवशी तेल कोमट करायची.

मंडईचा दिवस आला. बायांनी आखाड्याच्या काठाशी जायची रीत नव्हती. आम्ही तलावाच्या पाळीवर बसून पाहत असू. लहानमोठ्या कुस्त्या झाल्या, ऊन कललं आणि हे उतरले. शड्डू ठोकला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि उजवा हात पुढे करून फेरीला निघाले. आमच्याकडे शेवटच्या कुस्तीची जोड अशीच लागते. ज्याला लढायचं त्याने पुढे येऊन तो हात धरायचा.

पहिली फेरी झाली. डफडं वाजत होतं. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला एक तगडा गडी पुढे आला. तो वाकला, ह्यांच्या पायाला हात लावला आणि मागे सरला. मग दुसरा आला, त्यानेही तेच केलं. तिसऱ्यानेही तेच.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पंधरा वर्षं जो कोणी नारळ घेऊन शिकायला आला, त्याच्या मनगटाला ह्यांनी गंडा बांधला होता. साधा काळा दोरा, पण तो ज्याच्या हातात त्याने उस्तादाशी कधी लढायचं नाही. चहूकडच्या गावांत जो जो लढण्याजोगा, त्याच्या हातात ह्यांचाच दोरा. मागल्या मंडईत हरलेलाही पुढे नारळ घेऊनच आला होता. शहाण्यांनी वर्षभर मान मोजली, श्वास मोजले, पण समोर उभं कोण राहणार, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. डफडेवाल्याचे हात थांबले. शिंपी सांधेवाल्याकडे पाहत होता आणि सांधेवाला जमिनीकडे.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. हरणं नाही, नाव शाबूत, मला हवं होतं ते आपोआप झालं होतं. पण मधोमध ते एकटे हात पुढे करून उभे होते आणि तो हात परत कसा घ्यावा हे त्यांना कळत नव्हतं. मला ते सोसवेना. मी पाळीवर उभी राहिले आणि ओरडले, "अरे, कोनी हात द्या ना! मेले का सारे?"

बायांनी माझा पदर ओढला. सगळी मंडई वळून पाहू लागली. आणि गर्दीतून एक परका गडी पुढे आला, पंचविशीतला, सालेकशाला वॅगनीत लाकडं भरणारा. "मैं लड़हूं, बबा," तो आपल्या छत्तीसगढी बोलीत म्हणाला. बबा म्हणजे आजोबा. लोक हसले, हेही हसले, आणि त्याने हात धरला.

सूर्य तलावाच्या पाण्याला लागला तरी कोणी चीत होईना. दोनदा हे खाली जाता जाता सावरले, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. परतताना वाटेभर दोन्ही पक्ष आपलंच खरं झालं म्हणून भांडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गडी नारळ घेऊन आमच्या दारात आला. गंडा बांधून द्या म्हणाला. अंगणात मंडळी जमलेलीच होती. सांधेवाला ताडकन उठला. "पैलवान, लढायले येवढा एकच उरला हाये. ह्याले गंडा बांधला तं पुढच्या मंडईत कोनाशी लढसान?"

"मी बी तेच म्हनून राहिलो," शिंपी म्हणाला. "एक साल थांबा ना. घाई कायची हाये?" वर्षभर बसा म्हणणारा हा माणूस! त्याचा आवाज रडवेला झाला होता. त्या दिवसापासून मी त्याला सुपारीवरून कधी बोलले नाही.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोरा आन."

पाच वर्षं हाच दिवस मागितला होता, आणि माझा पाय उचलेना.

"काऊन उभी राहिली? आन ना."

मी आणला. त्यांनी तो त्या गड्याच्या मनगटाला बांधला, गाठ नीट ओढून पाहिली आणि अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काल तुहा डावा पाय दोन खेपा उघडा पडला. मी तो धरून पट काढाले खाली बसलो नाही, कारन माहा गुडघा आता वाकत नाही. दुसरा कोनी सोडनार नाही तुले. चाल, दाखवतो."

वर्षभर माणसं मान आणि दम मोजत भांडली होती, आणि खरी गोष्ट गुडघ्याची, ती धन्याने स्वतः सांगून टाकली होती. तेल चोळणाऱ्या मलाही त्यांनी ती कधी सांगितली नव्हती.

दोघे घरामागच्या आखाड्याकडे गेले. मी आत येऊन रडले, मग तोंड धुतलं आणि एक माणूस जास्त धरून भात टाकला. मागून त्यांचा आवाज येत होता, "वाक. अजून वाक."