मुनुसामीची गोटी

नळकाम करणारा मुनुसामी घरात आला की माणसांकडे पाहत नसे, जमिनीकडे पाही. पहिल्या दिवशी तो परसदारातून आला, उकिडवा बसला आणि कमरेच्या खोचणीतून हिरव्या काचेची गोटी काढून त्याने आमच्या तांबड्या, गुळगुळीत जमिनीवर सोडली. ती संथपणे स्वयंपाकघर ओलांडून देवघराच्या उंबऱ्याला टेकली.

"बांधणारा झोपेत होता," तो तमिळमध्ये म्हणाला, "पण उतार बरोबर दिलाय. संडासाचा नळ इथूनच जाईल."

घर सासूबाईंच्या सासऱ्यांनी बांधलेले होते, आणि सासूबाई दारातच उभ्या होत्या.

पन्नासच्या दशकातले ते मद्रास. लग्न होऊन सांगलीहून मी तिरुवल्लिकेणीतल्या या तंजावरी मराठी घरात आले होते. एकामागे एक खोल्या ओवलेले अरुंद घर, आणि पार मागे, बोळाच्या तोंडाशी, टोपलीचा संडास. रोज सकाळी एक बाई ती टोपली डोक्यावरून नेई. मला सहावा महिना होता. कॉफीच्या वाफेत, वेणीतल्या मल्लीच्या फुलांत, कशातही तो वास मिसळे. गटाराची नवी वाहिनी मात्र पुढच्या रस्त्यावर आलेली; म्हणजे नळ सबंध घराच्या पोटातून न्यायला हवा. तो व्हावा म्हणून मी दिवस मोजत होते.

"देवाच्या खालून मैला जायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "विहिरीकडून वळवून ने."

"वळण दिलं की घाण तिथंच बसते, अम्मा. पाण्याला देव कळत नाही, उतार कळतो."

"आणि तुला काय कळतं?"

"उतार."

आठ दिवस हे चालले. अखेर यजमानांनी देव माडीवर हलवले, तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली: देवघरात पाऊल टाकण्यापूर्वी मुनुसामीने विहिरीवर आंघोळ करावी. तो पान रंगलेल्या तोंडाने हसला. "खड्ड्यात उतरण्याआधी कोण आंघोळ करतं? वर आल्यावर करतात." पहार भिंतीला टेकवून तो बसला, तो बसलाच.

दोन दिवस देवघरापर्यंत खणलेला चर तसाच उघडा होता. ओल्या काळ्या मातीचा थंड वास घरभर दाटला. फळीवरून पोट सावरत मी स्वयंपाकघरात जाई. तिसऱ्या सकाळी मी विहिरीवर गेले, दोन बादल्या दगडावर मोठ्याने ओतल्या आणि त्यालाही कळावे म्हणून माझ्या मोडक्या तमिळमध्ये सासूबाईंना म्हटले, "झाली त्याची आंघोळ."

तो उठला आणि सरळ त्यांच्यापुढे उभा राहिला.

"मी आंघोळ केलेली नाही, अम्मा. पाणी तुमच्या सुनेनं ओतलं." मग माझ्याकडे वळून, आवाज मुळीच न चढवता, "तुमच्या खोट्याच्या आडून मी आत जायचं? मी चोर आहे का?"

सासूबाई त्याच्या कोरड्या, धुळीने माखलेल्या खांद्यांकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"खण," त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या बोलल्या त्या थेट बारशाच्या दिवशी.

मुनुसामीने तर माझे नावच टाकले. मी काही विचारले की तो भिंतीला उत्तर देई. भाजक्या मातीच्या आखूड नळ्या तो एकीत एक बसवी, सांध्यात डांबरलेला काथ्या ठोके आणि वरचे सिमेंट अंगठ्याने असे फिरवी की मला त्या अंगठ्याचाही राग येई.

माती लोटण्याआधी त्याने नळाच्या मागच्या तोंडातून गोटी सोडली आणि वर घागर ओतली. आम्ही तिघे चराच्या काठाने चाललो. प्रत्येक सांध्यावर टक्, टक्. देवघरापाशी आवाज थांबला. अडकली, मला वाटले. आणि पुढच्या ओसरीखाली पुन्हा टक्.

"तिथं सांधा नाही," तो सासूबाईंना म्हणाला. "एकच लांब लोखंडी नळ घातलाय. गळतो तो सांधा."

सासूबाई आत गेल्या आणि कॉफीचा पेला घेऊन आल्या. हातात दिला नाही, कट्ट्यावर ठेवला. त्याने तो उचलला आणि ओठ न लावता, वरून धार धरून प्यायला.

त्यानंतर तो आमच्या घरी कधी आला नाही. पण निघण्याआधी पुढच्या खड्ड्यात वाकून त्याने गोटी बाहेर काढली. ती ओली, हिरवी, उजेडात पाण्याच्या थेंबासारखी दिसत होती. न राहवून मी हात पुढे केला. त्याने ती धोतराला पुसली.

"ही सरळ आली," तो भिंतीला म्हणाला, आणि कमरेला खोचून रस्त्याला लागला. माझा हात तसाच पुढे राहिला.