आईचा बेस आणि खदानीचा हादरा

आमच्या वस्तीत रोज दुपारी खदानीत बलास्टिंग होते. आधी भोंगा वाजतो, मग जमिनीखालून हादरा येतो आणि घरोघरची मांडणी खणखणते. चंद्रपूरला कोळशाच्या खदानीशेजारी राहणाऱ्या बाईला भोंगा झाल्यावर काय करायचं ते शिकवावं लागत नाही. ती लाटणं ठेवते, मांडणीला पाठ लावून उभी राहते आणि हादरा गेला की राहिलेली पोळी लाटते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात अर्धा दोष या सवयीचा आहे. उरलेला मोटरवाल्या चाचांचा. माझा अजिबात नाही.

आईकडे एक जुना बेस गिटार आहे. मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली काकांनी तो तरुणपणी कलकत्त्याहून आणला होता. आजोबांची भीमगीतांची गायन पार्टी होती, हे काका त्यात वाजवायचे. पुढे त्यांनी पार्टी सोडली आणि बेस आईच्या हाती देऊन गेले, कारण शिकायची हौस तिलाच होती. मोठी मावशी गायची, आई मागे उभी राहून वाजवायची. लोक हार मावशीच्या गळ्यात घालायचे आणि आईला विचारायचे, ‘‘बाई, हे खरंच वाजते का नुसतं धरून उभी राह्यते?’’

लोकांचं एक वेळ सोडा. मावशीही तेच म्हणायची. ‘‘पेटी पाहिजे, ढोलकी पाहिजे. बेस नसला तरी गाणं होते.’’ हे वाक्य मी लहानपणापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ऐकलंय. आई त्यावर तिला दुसऱ्यांदा भात वाढायची, इतकंच.

यंदा बुद्धपौर्णिमेला विहारात गायला मावशी नागभीडहून येणार असं ठरलं. ते ऐकून आई मेथी निवडता निवडता म्हणाली, ‘‘मंग मी बी वाजवीन.’’ आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मी अलमारीवरून लुगड्यात गुंडाळलेला बेस खाली काढला. त्याची मान धनुष्यासारखी वाकली होती, तारा इतक्या वर गेल्या होत्या की खालून उंदीर आरामात जाईल. आईची बोटं तर पेरापेरात सुजलेली. तिने एक तार दाबून पाहिली, हात झटकला आणि बेस माझ्याकडे न बघता परत लुगड्यात गुंडाळायला घेतला. ते मला बघवलं नाही.

मी आयटीआयमध्ये वायरिंग शिकवते. घरातली ट्यूबलाइट नवरा बदलतो ही गोष्ट वेगळी. मी पदर खोचला. मानेतली सळई आवळून मान सरळ केली. तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी कानशीने घासून खाली आणली, नागपूरहून मऊ तारा मागवल्या. आईची बोटं आता सुखाने फिरायला लागली. पण आवाज? स्पीकरच्या बॉक्सला जोडला तर ठार मुका. तारांखाली एक पिकअप असतो, चुंबकाभोवती केसाहून बारीक तारेची गुंडाळी. ती आत कुठेतरी तुटली होती.

गुंडाळी म्हटल्यावर चंद्रपुरात माणूस एकाच प्रकारच्या दुकानात जातो, मोटर वाइंडिंगच्या. तिथले आमचे चाचा शेतातले पंप, कूलर, मिक्सर, सगळ्यांच्या जळक्या गुंडाळ्या नव्याने भरून देतात आणि त्यांच्या तोंडी ‘नाही’ हा शब्द नाही. त्यांनी पिकअप तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला.

‘‘किती एचपीची आहे बेटा?’’

‘‘चाचा, मोटर नाही. बाजा आहे. आईचा.’’

‘‘आईचा आहे तं थोडे वेढे जास्तच देतो. माझा माल कमजोर नाई जात.’’

इथे मी तोंड उघडायला हवं होतं असं नवरा म्हणतो. पण मलाही जोरकस आवाजच हवा होता. या वेळी आईचा बेस शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू गेला पाहिजे, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. चाचांनी मन लावून वेढे दिले, पंपाच्या मोटरीसारखं व्हार्निश पाजलं आणि उन्हात वाळवून दिलं.

चाचणीसाठी मंडपवाल्याकडून त्याचा सगळ्यात मोठा बॉक्स आणला. दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. आई अंगणात खाटेवर बसली, तिने चष्मा सारखा केला आणि अंगठ्याने सगळ्यात जाड तार छेडली.

मांडणी खणखणली. आमची, शेजारची आणि समोरच्या ओळीतलीही. वरचा टिनाचा पत्रा थरथरला, कोंबड्या कुंपणावर चढल्या. शेजारची बाई नातवाला काखेत मारून बाहेर धावली. समोरच्या दारांतून दिसत होतं, बायका आपापल्या मांडणीला पाठ लावून उभ्या. आईने दुसरी तार छेडली.

‘‘आज भोंगा काऊन नाई दिला वं?’’ शेजारीण ओरडली. ‘‘दोनदा झाली बलास्टिंग!’’

कोपऱ्यावर चार पुरुष जमले. न सांगता बलास्टिंग करतात म्हणजे काय, चला खदानीच्या ऑफिसात. त्यांतला एक तर घरून भिंतीच्या भेगेचा फोटोही काढून घेऊन आला. भेग माझ्या लग्नाच्या वेळची होती. मी हात जोडत धावले, सांगितलं की बाबांनो, खदान नाही, आई आहे. त्यांना ते पटायला आईला तिसरी तार छेडून दाखवावी लागली.

आई हसली. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग थांबली आणि बेस मांडीवर आडवा ठेवून म्हणाली, ‘‘इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोकाईले माझा बेस ऐकू आला. अन् तो बी खदानीचा वाटला.’’

मला फार वाईट वाटलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी पिकअप घेऊन चाचांकडे गेले, थोडे वेढे काढा म्हटलं. ते दुखावले. ‘‘बेटा, लोकं वेढे कमी पडले म्हणून भांडाले येतात. जास्त झाले म्हणून तूच आली पहिली.’’ त्यांनी चहा पाजला, पिकअपला हात लावला नाही.

परत आले तर आईने उपाय शोधून ठेवला होता. जुन्या स्लिपरच्या तळव्याची पट्टी कापून तिने ती घोडीजवळ तारांखाली खुपसली आणि मला सगळं पुन्हा जोडायला लावलं. आवाजाचं बटण जवळजवळ बंद केलं. मग वाजवलं. भाताच्या ओल्या बांधीत कोणीतरी एकेक पाऊल रोवत चालावं, तसा तो आवाज होता. गोल, बुटका, जागच्या जागी. शेजारणीने मानही वर केली नाही.

‘‘अगं, पण हा पुन्हा कोणाला ऐकू नाही येणार!’’ मी वैतागले.

‘‘नको येऊ दे,’’ आई म्हणाली. ‘‘तू पाह्य.’’

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहार गच्च भरला. दोन कूलर गरम हवा फेकत होते, मागे खिरीचं पातेलं. मावशी पांढऱ्या साडीत माइकसमोर, आई मागे खुर्चीवर. मावशीचा आवाज या वयातही असा की अंगावर काटा यावा. पहिलं गाणं झालं, हार मावशीच्या गळ्यात. दुसरं झालं, पुन्हा हार. आई मान खाली घालून वाजवत होती आणि मी दातओठ खात होते. माझ्या शेजारच्या बाईने कुजबुजून विचारलं, ‘‘तुझी आई खरंच वाजवून राह्यली का?’’

तिसऱ्या गाण्याच्या मधोमध आईने हात उचलला. नुसता उचलला आणि चष्मा पुसायला लागली.

पेटी वाजत होती, ढोलकी वाजत होती. तरी विहाराच्या पायाखालचं काहीतरी निघून गेलं. टाळ्या मागेपुढे व्हायला लागल्या. ढोलकीवाला भांबावून इकडेतिकडे पाहू लागला. मावशीने एक ओळ ओढून धरली, दुसरीत तिचा सूर घसरला. मग ती वळली आणि माइक तोंडासमोर आहे हे विसरून बोलली.

‘‘वाजव ना वं! काऊन थांबली? मले उभं राहाले जागा नाई सापडून राह्यली!’’

सगळा विहार आईकडे बघत होता. आईने चष्मा लावला, पदर सारखा केला. ‘‘काई नाई बाई,’’ ती मोठ्या बहिणीला म्हणाली, ‘‘तू गा. बेस नसला तरी गाणं होते ना?’’ आणि अंगठा तारेवर ठेवला.

रात्री घरी येताना बेस मी उचलला होता. मावशी पुढे चालत होती, एक हार तिने काढून आईच्या गळ्यात घातला होता. आई माझ्या कानाशी वाकली.

‘‘सगळ्याइले ऐकू आलं ना?’’

‘‘काय?’’

‘‘मी थांबली ते.’’