पैंजणांचं पान आणि ओळीआधीची जागा

मंडळी, आज दुपारी माझी चांगलीच फजिती झाली. तुम्हाला सांगितल्याशिवाय घास गोड लागायचा नाही.

माझा जुना मित्र आण्णा हुपरीत चांदीचे पैंजण घडवतो. पोरं नोकरीला लागली, त्याच्या भट्टीजवळ आता कुणी बसत नाही. निदान काम कसं करतात ते तरी लिहिलेलं राहावं, म्हणून त्याच्याकडून ऐकून मी इंटरनेटवरच्या विकीवर, जिथं कुणालाही लिहिता येतं, पान लिहिलं. ते बघायला तो आज मुद्दाम एसटीनं आला.

पान उघडलं, तर प्रत्येक परिच्छेद करड्या चौकटीत अडकलेला आणि ओळी पडद्याबाहेर पळालेल्या!

"व्हय रं, माझं काम खोक्यात कोंबलंस की!" आण्णा म्हणाला. "आता वाचू कसं?"

मदतीचं पान धुंडाळलं तेव्हा उमगलं, की विकीवर ओळीच्या आधी मोकळी जागा सोडली, की ती ओळ चौकटीत जाते. आणि मी तर प्रत्येक परिच्छेदाआधी जागा सोडलेली! शाळेत गुरुजींनी छडीनं लावलेली शिस्त, हात ऐकतोय होय?

एकेक जागा पुसत गेलो, तसं पान सरळ झालं. आण्णा पडद्याला नाक लावून शेवटपर्यंत वाचत बसला. मग हळूच म्हणाला, "इतक्या वर्षांत ह्ये कुणी इचारलंच न्हाय बघ मला."

ज्याला त्याच्या कामाबद्दल कुणी कधी विचारलंच नाही, असं तुमच्या ओळखीत कोण आहे, मंडळी?