चार बोटं

मी उजेड्याला फोटोतून कापून टाकला. रागाने नाही, चुकूनही नाही. शहापूरच्या घरी, रविवारी सकाळी, तीन कप चहा संपवत, एकेक फोटो निवडून नीट कापला. वर मूळ फोटो पुसूनही टाकले, कारण फोनमध्ये जागा उरली नव्हती. मी कॉलेजात मराठी शिकवतो. त्यामुळे आपण काय करतो आहोत हे आपल्याला कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता.

उजेड्या उलटा चालायचा. शेणव्याकडच्या आमच्या गावात उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे, जनावरांचे भलेमोठे मुखवटे बांधून एकेक सोंग संबळाच्या तालावर नाचत गावातून जातं. कुठलं सोंग कुठल्या घराचं, हे आज्या-पणज्यांपासून ठरलेलं. मुखवट्याला डोळे चांगले बशीएवढे रंगवलेले असतात, पण आतल्या माणसाला बघायला मिळते ती नाकाखालची बोटभर फट. म्हणून पेटता टेंभा धरून एक माणूस सोंगाच्या पुढे, सोंगाकडे तोंड करून, मागे मागे चालतो. चाळीस वर्षं तो माणूस उजेड्या होता. त्याचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक. तोंडावर मी त्याला काका म्हणायचो.

बोहाड्याच्या दिवशी भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, तो अनवाणी पायांनी सगळी वाट एकदा उलटी चालून यायचा. दगड दिसला की बाजूला, काटकी दिसली की बाजूला. कुणी दारात खाट टाकलेली असली तर तिथूनच ओरडायचा, "तुजी खाट देवाला आडवी येतीय रं, उचल!" एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, काका, सरळ चालत बघून घ्या ना वाट, एवढा त्रास कशाला? तो म्हणाला, "डोळ्यांनी बघितलेली वाट डोळ्यांनाच ठावं. मला ती टाचंला शिकवायचीय."

ही खोड त्याच्या अंगातच मुरली होती. पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवायला निघाला की बोलत बोलत तो पुढे होऊन उलटाच चालायचा. पाहुण्याला पाठ दाखवणं त्याला जमायचंच नाही. त्याच्या दाराच्या उंबऱ्याला मी सरळ चालताना तीनदा अडखळून पडलोय. तो कधी पडल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

आमच्या घराकडे राक्षसाचं सोंग. वडील थकले आणि मुखवटा माझ्या डोक्यावर आला. आत घामाचा आणि जुन्या रंगाचा वास, कानात संबळ, आणि फटीतून दिसणारे उजेड्याचे दोन पाय. तो सारखा बारीक आवाजात बोलत राहायचा. "खड्डा हाय. डावं घे. म्हातारी बसलीय, सांभाळ. आता नाच, मोकळं हाय." बाहेरच्यांना वाटायचं, मंत्र म्हणतोय.

पहिल्याच वर्षी त्याने "उजवं" म्हटलं आणि मी डावीकडे गेलो. पदवीधर माणूस, कुणाचं का ऐकेल? मुखवट्यासकट सरळ उकिरड्यात. पाय वर, राक्षस खाली. मला उठवायला चौघं धावले, पण उजेड्या हलला नाही. टेंभा खाली झुकवून त्याने उजेड माझ्या मुखवट्यावर धरून ठेवला. जळतं तेल त्याच्या हातावर ओघळलं, अंगठ्याजवळची कातडी निघाली, तरी हात तसाच. नंतर मी विचारलं, की तेव्हा टेंभा टाकून हात का नाही झटकला?

"सोंग पडलं तर पडलं," तो म्हणाला. "अंधारात पडू द्यायचं नाय."

गावाला वाटलं, पडणं हा सोंगाचाच भाग. पुढच्या वर्षी उकिरड्यापाशी आधीच गर्दी. "औंदा राक्षस पडत नाय का रे?" म्हणून लोक नाराज झाले.

वर्गात मी मुलांना साहित्यातली पात्रं शिकवतो: नायक, खलनायक, साहाय्यक, विदूषक, आणि ज्यांच्यावाचून अडत नाही ती गौण. एकदा ओटीवर बसून हे सगळं मी उजेड्याला ऐकवलं. त्याने विडी विझवून नीट ऐकलं.

"मंग तुजा राक्षस खलनायक?"

"हो."

"त्यो नसला तर देवानं नुसतं उभं राहून काय करायचं? टेंभा धरायचा?"

मी हसलो. म्हटलं, बरं, तुमच्या हिशेबाने किती प्रकार?

"दोनच. ऐकनारी सोंगं नि न ऐकनारी. देव असंल, राक्षस असंल, त्याला काय नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू दुसऱ्यातला."

हे मी वहीत लिहून घेतलं आणि पुस्तकात घातलं नाही. पुस्तक म्हणजे आमच्या बोहाड्याची सोंगं. एकेका सोंगाला एक पान, फोटो, आणि खाली पात्राचा प्रकार. फोटो मी चार उन्हाळे काढले होते, माझ्या राक्षसाचे तेवढे शेजारच्या पोराकडून काढून घेतले. प्रत्येक फोटोत मुखवट्याच्या पुढ्यात एक पाठ. मळका सदरा, डोक्याला फडकं. सोंग स्पष्ट दिसेना. उजेड्याला मी दोनदा सांगून पाहिलं, काका, जरा बाजूला सरका. तो म्हणाला, "मी सरकलो तर तुला काय दिसनार?" मला ते कॅमेऱ्याचं अज्ञान वाटलं. मग त्या रविवारी मी त्याला कापला. सोंगं एकदम झळाळून उठली.

पुस्तकाची पहिली प्रत मी त्यालाच नेऊन दिली, हे माझ्या मोठ्या मनाचं उदाहरण म्हणून मी पुढे महिनाभर सांगत होतो. त्याला वाचता येत नव्हतं. हात धोतराला पुसून त्याने एकेक पान उलटलं. प्रत्येक सोंगाला ओळखून मान डोलावली. शेवटी माझ्याच राक्षसाच्या पानावर थांबला. फोटोच्या कडेला, माझ्या कात्रीतून सुटलेली टेंभ्याच्या दांड्यावरची चार बोटं होती, आणि अंगठ्याजवळचा तो डाग.

"ह्यो मी," तो म्हणाला. मग आत हाक मारली, "अगो, बघ, मी पन आलोय पुस्तकात! चार बोटं हायत!"

काकी बाहेर आली. तिने पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि चहा ठेवायला आत गेली. निघताना तो मला फाट्यापर्यंत पोचवायला आला, माझ्या पुढे, उलटा. मी रिक्षात बसलो तेव्हाही त्याचं तोंड माझ्याकडेच होतं. मी फोन बघत होतो.

श्रावणात तो गेला. सकाळी बांध नीट करायला गेला, दुपारी छातीत कळ आली, खर्डीच्या दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. मला कळलं तिसऱ्या दिवशी.

दहाव्याच्या आधी काकी शहापूरला माझ्या घरी आली. कधी न आलेली बाई दारात उभी, हातात पिशवी, पिशवीत आधार कार्ड. "मास्तर, ह्याच्यावरचा फोटो बघ. हा मानूस मी कधी घरात पायला नाय. तू येवढं फोटू काढलंस. एक त्याच्या तोंडाचा दे. मांडायला पायजे."

मी म्हटलं, देतो ना काकी, डाव्या हाताचं काम. ती गेली आणि मी शोधायला बसलो. फोन, जुना फोन, कॉलेजचा संगणक, छापखान्याकडे पाठवलेल्या फायली. पुस्तकात न घेतलेल्या दोन-चार फोटोंत पाठ सापडली. फडकं सापडलं. एका फोटोत कान. मीच इतक्या नीटपणे काम केलं होतं की कुठेही चूक राहिली नव्हती. चाळीस वर्षं जो गावातल्या प्रत्येक तोंडावर उजेड धरत आला, त्याचं तोंड कुठेही नव्हतं. आठवायला बसलो तर मलाही फटीतून दिसणारे दोन पायच आठवायला लागले.

शेवटी ती चार बोटं मोठी करून घेतली. स्टुडिओतला पोरगा म्हणाला, "सर, ह्यात माणूस कुठाय?" मी म्हटलं, तू फ्रेम बसव.

दहाव्याच्या दिवशी फ्रेम घेऊन गेलो. ओटीवर तांदळाच्या राशीवर दिवा, शेजारी त्याचा विझलेला टेंभा. फ्रेम काकीच्या हातात देताना मी बरंच बोललो: मेमरी, फाइल, साइज. तिने ऐकून घेतलं. काचेवरून बोट फिरवत ती त्या डागापाशी थांबली आणि तिथेच अंगठा दाबून बसून राहिली. पदराने काच पुसली, फ्रेम टेंभ्याला टेकवून ठेवली, दिवा जरा फ्रेमकडे सरकवला.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, तो तुज्या पुढं सारका सांगत चालायचा, तरी तुला दिसायचं नाय. मला वाटायचं, मुखवट्यामुळं असंल. तू तर मुखवटा काडून पन तसाच हायस."