पालथं पडून पाहिलेला सिनेमा

"टीव्हीला काही झालेलं नाही काका, तुमचा डोळा बिघडलाय," डॉक्टर म्हणाले, आणि ते हसले नाहीत. उजव्या डोळ्याला रेटिनल डिटॅचमेंट झालं होतं. म्हणजे डोळ्याच्या आत ज्यावर चित्र उमटतं, तो पातळ थर मागच्या बाजूनं सुटला होता, ओल आलेल्या भिंतीवरचा कागद सुटतो तसा. डावा डोळा माझा लहानपणापासून अधू. सगळी मदार ह्याच डोळ्यावर.

त्याआधी बरेच दिवस मी टीव्हीला शिव्या घालत होतो. सिनेमा बघताना कडेला वीज चमकायची, काळे ठिपके तरंगायचे, मग कोपऱ्यात सावली आली. मेकॅनिक बोलावला. तो म्हणाला, "पावणं, स्क्रीन झ्याक हाय." मी त्यालाच झापलं. तुम्हाला असलं काही दिसलं, तर मेकॅनिक नको, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा.

"ऑपरेशन करू. किती दिसेल, ते आज सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. माझं शाहूपुरीत इलेक्ट्रिकचं दुकान, पण जीव सिनेमात. दुकान बंद झालं की आमचं टोळकं चहाला जमतं. काय बघितलंस, काय वाचलंस, काय ऐकलंस, एवढंच बोलणं. आता मी तिथं बसून काय सांगणार होतो?

ऑपरेशनचं नाव व्हिट्रेक्टॉमी. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून आत गॅसचा बुडबुडा सोडतात. तो सुटलेला थर जागेवर दाबून धरतो. बुडबुडा वर चढतो, म्हणून माणसानं मान खाली घालून राहायचं. जेवतानाही, झोपतानाही. "मान वर केलीत, तर माझी मेहनत वाया," डॉक्टरांनी दम भरला.

घरी मी पालथा, समोर फक्त फरशी. बायको सुनंदा निवृत्त शिक्षिका. तिनं पेपर वाचून दाखवला, एक जाडजूड प्रवासवर्णन वाचलं, रेडिओवर जुनी गाणी लावली. माझी चिडचिड काही जाईना. शेवटी म्हणालो, मला सिनेमा पाहिजे. एक मल्याळम सिनेमा कधीचा बघायचा ठेवला होता. भाषा दोघांनाही येत नाही. सुनंदा खालची इंग्रजी अक्षरं वाचून सांगणार होती. थिएटरात ही बाई इंटरव्हलच्या आत झोपते, त्यामुळं मला आशा नव्हती.

"एक म्हातारा नावाडी हाय. लेकाची वाट बघतोय. शर्टाला इस्त्री केलीय, पण वरचं बटण न्हाय. बायको वारली असंल."

"कॅमेरा कुठं ठेवलाय?"

"मला काय ठाऊक? मी म्हाताऱ्याकडं बघतीय."

इतकी वर्षं मी उजेड बघितला, कॅमेरा बघितला. बटण कधी बघितलं नव्हतं. त्या म्हाताऱ्यावर माझा जीव जडला.

शेवटी शेवटच्या गाडीनं मुलगा आला आणि बापलेक माशाचं कालवण-भात जेवायला बसले, असं तिनं सांगितलं. मी म्हणालो, "मग हे रडकं का वाजतंय?"

"त्यांच्याकडं असंच वाजवत्यात. पडा गप."

हळूहळू बुडबुडा विरघळला. आधी नुसता उजेड, मग दाराची चौकट, मग सुनंदाचा चेहरा. तो दिसला त्या दिवशी मी तिच्याकडं बघतच बसलो, तर म्हणाली, "चहा पाहिजे का?" तपासणीत डॉक्टर म्हणाले, "थर छान चिकटलाय." सरळ रेघ अजून जराशी वाकडी दिसते. दिसतीय हेच खूप.

परवानगी मिळाल्यावर पहिल्यांदा तोच सिनेमा लावला. सगळं ओळखीचं होतं, वरचं नसलेलं बटणसुद्धा. मग शेवटची गाडी आली. मुलगा उतरला. होडी काठावर पालथी पडली होती. शेजारणीनं त्याच्या हातात इस्त्रीचा शर्ट ठेवला.

"सुनंदा, म्हातारा गेला की गं."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "म्हाईत हाय मला."

"मग बापलेकांना जेवायला बसवलंस ते?"

"तुम्ही रडला असता. टाके उसवले असते म्हंजे? मला भ्या वाटलं."

ती शेजारी बसली, माझा चष्मा काढला आणि म्हणाली, "आता रडा की."

परवा टोळक्यात गेलो. चहा आला, कुणीतरी विचारलं, नवीन काय बघितलंस? मी त्या नावाड्याची गोष्ट सांगितली, उजेड आणि कॅमेऱ्यासकट. शेवट मात्र सुनंदाचा सांगितला.