संपातला खरा आजारी

माझ्या नवऱ्याच्या कंपनीतल्या वैमानिकांनी संप करायचं ठरवलं, तेव्हा त्याला संप म्हणायचं नाही, हे आधी ठरलं. संप म्हटला की नोटिसा आल्या, कोर्ट आलं. त्यापेक्षा एका सकाळी सगळ्यांनी एकदम आजारी पडायचं.

आम्ही म्हैसूरला बोगादीत राहतो, त्याची ड्यूटी बेंगळुरूहून असते. आदल्या दिवशी त्याने खोकून, कण्हून सराव केला. सासूबाई इथल्याच, जुन्या फौजी मराठी घरातल्या, बोलताना मध्येच कानडीत शिरणाऱ्या. त्यांनी सोफ्यावर बसून परीक्षण केलं. संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र वेगळाच वाद पेटला होता. दूध आणायला खाली जाणं म्हणजे संप फोडणं का? बाल्कनीत उभं राहिलं तर? शेवटी बाल्कनी चालेल, पण हसायचं नाही, असं ठरलं.

ठरलेल्या सकाळी माझा नवरा स्वयंपाकघराच्या दारात कंबर धरून खाली बसला आणि गुरासारखा ओरडायला लागला.

"अय्यो, साकु रे!" सासूबाई म्हणाल्या. "इतकं नको, थोडं कमी. सुम्ने, उगाच शेजारच्यांना खोटं वाटेल."

त्याने आवाज खाली आणला. पण त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला होता. सासूबाई पूजेला बसल्यावर मी त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफीत मूतखडा दिसला. डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं आणि खडा पडेपर्यंत विमान उडवायचं नाही, असं बजावलं. आईला काळजी नको, तिला यातलं काही सांगू नकोस, असं नवऱ्याने मला बजावलं.

तेवढ्यात कंपनीचा मेसेज आला: संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलचं सर्टिफिकेट द्या, नाहीतर नोकरी गेली समजा. माझा जीव भांड्यात पडला. अख्ख्या कंपनीत एकच अस्सल रोगी होता आणि तो माझा होता! पण पाठोपाठ संघटनेचाही फतवा निघाला. सर्टिफिकेट देईल तो संपफोड्या.

मी संघटनेच्या सेक्रेटरीला फोन लावला. हे मुंबईचे एक ज्येष्ठ कॅप्टन.

"अहो, हा खरंच आजारी आहे," मी म्हटलं.

"वहिनी, सगळेच खरंच आजारी आहेत," ते शांतपणे म्हणाले. "त्याने एकट्याने पुरावा दिला, तर बाकीचे खोटे ठरतील. आजारी पडायला हरकत नाही, सिद्ध करायला आहे."

नवऱ्याने सर्टिफिकेट दिलं नाही. "सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार आणि माझी एकट्याची राहणार? मग त्यांना तोंड कसं दाखवू?" मला भयंकर राग आला. त्यातच त्याचा अभिमानही वाटला, म्हणून आणखी राग आला.

संध्याकाळ उलटली, कुणाचीच नोकरी गेली नाही, आणि दोनेक दिवसांत कंपनी नमली. सगळे वैमानिक एका दुपारी खडखडीत बरे झाले. ग्रुपवर 'मी फिट', 'मीही फिट' सुरू झालं. माझा नवरा गरम पाण्याची पिशवी घेऊन पडला होता. सेक्रेटरींचा फोन आला: उद्या सगळे कामावर. एक जरी आजारी राहिला, तरी कंपनी म्हणेल, समझोता मोडला.

म्हणजे आता आजारी राहणं ही फितुरी! नवऱ्याने 'मीही फिट' टाकलं, भिंत धरून उठला आणि आईला युनिफॉर्मला इस्त्री करायला सांगितली. माझं डोकंच फिरलं. हा असा वाकलेला माणूस कॉकपिटात बसणार आणि मागे विमानभर माणसं? मी त्याच्या हातातून फोन हिसकावला, सोनोग्राफी आणि सर्टिफिकेट कंपनीला पाठवून दिलं.

"मला विचारायचं तरी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. बातमी संघटनेपर्यंत पोचली आणि थोड्या वेळाने त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

सासूबाई इस्त्री केलेला शर्ट घेऊन आल्या. मी त्यांना सोनोग्राफीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"निजवागलू?" त्या म्हणाल्या. "खरंच दुखत होतं काय रे तुला?"

"हो गं."

"मग ओरडला का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, थोडं कमी."

सासूबाई शर्ट हातात धरून तशाच खाली बसल्या.